निळी बादली

विनीता: मावशी, एक मिनिट. हा खड्डा पांढरा कशानं झालाय?

सरजाबाई: चुन्यानं की. दोन पोते लागले. कडंला गेरू बी मारलाय, दिसला का? वरच्या अंगाला रांगोळी हाय म्याडम, तिच्यावर पाय दिऊ नका.

विनीता: आणि आतला तो काळा गाळ?

सरजाबाई: काढला. आनंदराजनं हाफिसात सुट्टी टाकली त्याच्यापायी. मायलेकांनी परवा दिवसभर खरवडला, नगरपालिकेच्या ट्रॉलीत भरून दिला. मग दोन डाव फिनेलचं पाणी मारलं, मग चुना. अकरा वर्सांत ह्या खड्ड्याचा तळ म्या पयल्यांदा बघितला.

विनीता: सगळा काढला?

सरजाबाई: सगळा. तुमीच फोनवर म्हणलाव ना, तुमचे नांदेडचे बापूसाहेब सर शनवारी सोता खड्डा बघाया येणार. इद्यापीठाचा माणूस दारात येतोय आन् म्या त्याला पिसाचा चिखल दाखवू का? माझ्या मेसचं सोडा, तुमची इज्जत हाय का न्हाई... आता खाली का बसलाव? चक्कर आली का?

विनीता: नाही. बसू द्या जरा.

सरजाबाई: कॉलेजातनं तशाच आल्या असाल, उपाशी. थांबा, भाकर टाकते.

विनीता: मावशी, भाकरी नको. ऐका. मी आज सरांच्या आधी आले ते तो गाळ न्यायला. एक बाटलीभर हवा होता.

सरजाबाई: कशाला? तुमच्याकडं हाय की. सा वर्सांमागं शिशी भरून नेलाव. नंतर काचंच्या ताटलीत घिऊन दाखवाया बी आलाव. पांढरे पांढरे ठिपके. म्या इचारलं, ह्यातला पिसं खाणारा कंचा? तुमी म्हणलाव, सगळेच, एका घरचे हायत.

विनीता: ते जंतू आता पिसं खात नाहीत.

सरजाबाई: मेले?

विनीता: मेले असते तर बरं झालं असतं, निदान कारण कळलं असतं. जिवंत आहेत, छान वाढतात, पण पिसाला तोंड लावत नाहीत. पूर्वी पाण्यात कोंबडीचं पीस टाकलं की चौथ्या दिवशी नुसती दांडी उरायची, सहाव्या दिवशी तीही नाही. आता पंधरा दिवस झाले तरी पीस जसंच्या तसं. फेब्रुवारीपासून हेच चाललंय.

सरजाबाई: आन् तुमची ती डॉक्टरकी?

विनीता: पीएचडी. तीच आता टांगलीय. अठ्ठावीस तारखेला कमिटीसमोर पीस विरघळवून दाखवायचंय. तीसला माझी मुदत संपते. एकदा वाढवून घेतलीय, पुन्हा वाढवत नाहीत. सहा वर्षं कॉलेज करून, शिकवण्या करून, दर शनिवारी नांदेडची एसटी पकडली मी. आज चार तारीख.

सरजाबाई: पयल्या शिशीतलं काईच ठिवलं नव्हतं का बाजूला?

विनीता: ठेवलं होतं, फ्रिजमध्ये. आठ-आठ तास भारनियमन. त्या नळ्यांना बुरशी लागली.

सरजाबाई: मग फोनवर तसं बोलायचं की. "मावशी, गाळाला हात लावू नका," येवडे चार शब्द.

विनीता: लाज वाटली. तुमच्याकडं उघड्यावर अकरा वर्षं टिकलं ते माझ्याकडं काचेत ठेवून बिघडलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, हळूच येईन, बाटली भरीन, कुणाला कळायचंही नाही.

सरजाबाई: हाव. आन् म्या तुमच्या मानापायी धुऊन काढलं. चांगलं जमलं की दोघींचं.

विनीता: चुन्याखाली एखादा वाचला असेलही. पण त्याला शोधून वेगळा काढायला महिने जातील.

सरजाबाई: एक इचारू का? राग मानू नका. त्याला खायाला काय घालत होताव?

विनीता: पेप्टोन. म्हणजे मांसाचं पचवून तयार केलेलं सत्त्व. आणि दुधाची पावडर.

सरजाबाई: दूध.

विनीता: हो. त्याच्यावर भराभर वाढतं ना.

सरजाबाई: रोजच?

विनीता: दर वेळी नव्या ताटलीत घेताना. पिसं फक्त प्रयोगापुरती.

सरजाबाई: म्याडम, माझ्या मेसला शंभर लेकरं जेवत्यात. जूनमधी येत्यात एकेक गावाकडनं, शिरूर अनंतपाळचं, निलंग्याचं, कुठकुठलं. पयल्या महिन्यात ज्वारीची भाकर आन् ठेचा मागून मागून खात्यात. मग बापाला वाटतंय, लेकरू डॉक्टर व्हायलंय. त्यो धाडतो बिस्किटाचे पुडे, तुपातला शिरा, दुधाचा रतीब. दिवाळीला तेच लेकरू भाकरीकडं बघत न्हाई. आता लेकराचा काय गुन्हा? पोट भरल्यावर पीस कोन खाईल?

विनीता: सर अगदी हेच म्हणाले. पण दोन महिने विचार करून आणि दहा-बारा पेपर वाचून.

सरजाबाई: माझी कसली हुशारी त्याच्यात. पीस मंजी खाणं हाय का ते? कुत्रं हुंगत न्हाई, वाळवी लागत न्हाई. दुसरं काईच नसलं तरच ते जीव लावून खातंय. मनून म्या त्या खड्ड्यात कंदी शिळं पडू दिलं न्हाई. कामाच्या बायका म्हणायच्या, मावशी, भाजी उरली, हितंच टाकते. म्या म्हणायची, खबरदार. आन् पिसं कितीबी येऊ द्या, तळातलं चार बोटं तसंच ठिवायचं. दह्याचं भांडं आपुन धुतो का विरजण काढल्याबगर?

विनीता: आणि परवा?

सरजाबाई: परवा अक्कल गेली. साहेब येणार म्हणलं की माणूस सारवाया लागतंय.

विनीता: मावशी, हे शिळं टाकायचं नाही, तळ ठेवायचा, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी सहा वर्षं येतेय, पण हे कधी विचारलंच नाही. प्रबंधात लिहिलंय, "लातूर, खानावळीमागचा खड्डा." बस. जणू ते तिथंच उगवलं.

सरजाबाई: हितलं न्हाईच ते. आमच्या जुन्या गावचं हाय. जे भूकंपात गेलं, त्या गावचं.

विनीता: म्हणजे?

सरजाबाई: भूकंपानंतर आमी पत्र्याच्या शेडात होतो. तिथं मला नागम्मा भेटली. उदगीरकडची, तिकडं कानडी बोलत्यात, आमच्या गावात दिलेली. शेडात शंभर माणसाची चूल आमीच दोघी पेटवायचो. मग लोक म्हणाया लागले, लातूरला शिकवणीचे लेकरं यायलेत, त्यांना जेवण मिळंना. आलो दोघी. आनंदराज दहावीला होता तवा. एक खोली, दोन पातेले. कुनी नाव इचारायचं, कुनी आडनाव. आडनाव ऐकून दोन बाप आपले लेकरं उठवून घिऊन गेले. ऐतवारी तेच लेकरं आपल्या पायानं परत आले.

विनीता: ऐतवारी कोंबडी असायची म्हणून.

सरजाबाई: नागम्माच्या हातची. ऐतवारी चाळीस-चाळीस कोंबड्या सोलायचो, आन् पिसाचा हा ढीग. नुसता वास. पुरलं तर कुत्रे उकरायचे, जाळलं तर गल्ली नाक धरायची. घरमालक म्हणला, पिसं ठिवा न्हाईतर खोली ठिवा. तवा मला याद आली. गावाकडं माझ्या सासूचं खुराडं होतं, घराच्या मागं. सासूच्या सासूपासून कोंबडी तिथंच सोलायची, पिसं तिथंच टाकायची. पर ढीग काई कंदी दिसला न्हाई. तिथली माती काळी, चिकट, तेल लावल्यावानी. म्या नागम्माला म्हणलं, ती माती आणू.

विनीता: आणायला तुम्ही स्वतः गेलात?

सरजाबाई: दोघी गेलो. दोन सालानं पाय ठिवला मी त्या जागी. भिंत न्हाई, दार न्हाई, नुसते दगड आन् बाभळी. चुलीच्या दगडावरनं घर वळखलं. माझी लेक जिथनं काढली तिथनं चार हातावर खुराडं. मला न्हाई झालं म्याडम. म्या खाली बसले. नागम्मा म्हणली, अक्का, तू तिकडं तोंड कर, मी काढते. तिनं हातानं उकरलं, खोरं बी नव्हतं. दोन बादल्या भरल्या. एष्टीत कंडक्टरनं इचारलं, ह्याच्यात काय हाय? नागम्मा म्हणली, माती हाय, भूकंपाची. मग त्यानं तिकीट बी बिनबोलता फाडलं.

विनीता: आणि ती माती इथं टाकली.

सरजाबाई: तिसऱ्या आठवड्यात ढीग बसला. आमी दोघी रोज सकाळी बघाया जायचो, बाळंतिणीला बघावं तसं. अख्खं गाव गेलं म्याडम, दगडावर दगड राह्यला न्हाई, आन् ते तिथंच खाली बसून होतं. दोन साल कुणी एक पीस टाकलं नव्हतं त्याला.

विनीता: ते असंच असतं. खायला मिळेनासं झालं की स्वतःभोवती कवच करून झोपतं. वर्षानुवर्षं. आम्ही पुस्तकात शिकवतो हे, पण... मावशी, मग ती माती तिथं अजून असेल. आज गेलो तर?

सरजाबाई: तिथं आता सपाट करून सोयाबीन पेरत्यात. खुराडं कुठं, घर कुठं, आता मला बी सांगता यायचं न्हाई.

विनीता: आणि नागम्मा?

सरजाबाई: गेली.

विनीता: अरेरे. कधी?

सरजाबाई: सा साल झाले. नांदेडला.

विनीता: म्हणजे जिवंत आहेत?

सरजाबाई: तिला काय धाड भरलीय. भाग्यनगरला मेस हाय तिची. नांदेडात बी शिकवण्या सुरू झाल्या तवा म्हणाया लागली, अक्का, चल तिकडं, मोठी जागा घेऊ. म्या म्हणलं, एकदा उठले गावातनं, आता जित्तेपणी न्हाई उठणार. ती म्हणली, तू काय हितं खुंटा ठोकलास का? शब्दाला शब्द वाढला. मग माझ्या तोंडातनं गेलं.

विनीता: काय?

सरजाबाई: तिचं घर गेलं भूकंपात, पर माणसं वाचली सगळी. म्या म्हणलं, तुला काय कळतंय, तुझं कोन मेलं? सात साल ती माझ्याजवळ निजली म्याडम. रात्री म्या उठून बसले की कायबी न बोलता तांब्या पुढं करायची. तिला म्हणलं म्या हे.

विनीता: त्या काय म्हणाल्या?

सरजाबाई: दुसऱ्या दिशी टेम्पो आणला, आपले भांडे भरले. निघताना दारात हुबी राहून म्हणली, अक्का, विरजण दे. खड्ड्यातलं. आमी बोलत नव्हतो, पर विरजणाला कुनी न्हाई म्हणतं का? दुश्मनाला बी देत्यात. निळी बादली होती माझी, नवी कोरी. ती भरून दिली. त्याच्यावर चार महिन्यानं तुमी आलाव, शिशी घिऊन.

विनीता: मावशी. म्हणजे तुमचा गाळ नांदेडात आहे.

सरजाबाई: असंल, नसंल. टाकून बी दिला असंल तिनं. बादली तर आली न्हाई. विरजणाचं भांडं माघारी देत्यात, येवडी रीत तर पाळावी.

विनीता: भाग्यनगर म्हणजे माझ्या एसटीच्या वाटेवर. उद्या सकाळी गाळ मिळाला तर वेगळा करायला आठ-दहा दिवस, पिसावर सहा दिवस. जमतं. जेमतेम, पण जमतं. फोन करा ना त्यांना.

सरजाबाई: म्या?

विनीता: मग कोण?

सरजाबाई: पत्ता देते, तुमीच जावा. माझं नाव काढू नका.

विनीता: नाव न काढता गाळ मागू? देतील त्या?

सरजाबाई: छे. वळख नसली तर ती मीठ देत न्हाई.

विनीता: मग? शिवाय पुन्हा हळूच जाऊन बाटली भरायची नाही मला. एकदा त्याची शिक्षा झालीय. आणि मावशी, मी माझ्या त्या जंतूला नाव दिलंय, "सजा-सात". सरजाबाईचा, सातव्या ताटलीतला. पहिल्या पानावर तुमचे आभार आहेत. आता कळतंय की एक नाव राहिलं.

सरजाबाई: राह्यलं न्हाई. म्या ठिवलं. सा साल तुमी येऊन कौतुक केलाव, तुमच्या कॉलेजचे लेकरं आणून हा खड्डा दाखवलाव, पेपरात माझा फोटो छापून आणलाव. सगळ्यांनी इचारलं, मावशी, हे तुमाला कसं सुचलं? म्या एक डाव बी म्हणलं न्हाई की माती तिनं उकरली. म्या तर पाठ फिरवून बसले होते.

विनीता: नंबर आहे का?

सरजाबाई: आत चला. भिंतीवर हाय, माठाच्या वर.

विनीता: कुठं? इथं सगळा नवा चुना... हा एवढाच चौकोन जुना राहिलाय.

सरजाबाई: तितंच. आनंदराजनं पयल्या साली लिवून ठिवला होता. दर साली चुना मारताना तेवढी जागा सोडते.

विनीता: आणि लावला किती वेळा?

सरजाबाई: लावला न्हाई. तुमीच लावा, माझ्या हाताला पीठ हाय. त्याचं ते मोठं आवाजाचं बटण दाबा.

नागम्मा: हॅलो. मेसच्या जागा भरल्या. वीस तारखेनंतर बोला.

विनीता: जागेसाठी नाही हो. मी लातूरहून बोलतेय. एक मिनिट धरा. बोला मावशी... मावशी, बोला ना.

नागम्मा: कोण आहे? हॅलो... अक्का?

सरजाबाई: म्या अजून तोंड बी उघडलं न्हाई.

नागम्मा: म्हणूनच कळलं. असं गप तूच बसतीस.

सरजाबाई: पिसं कुठं टाकतीस?

नागम्मा: अय्यो शिवा. सहा वर्षांनी फोन केलीस आणि पिसं विचारतीस?

सरजाबाई: सांग की.

नागम्मा: खड्ड्यात. डोक्यावर घेऊन फिरू काय?

सरजाबाई: खातंय का?

नागम्मा: खातंय की. ऐतवारी टाकले तर पुढच्या ऐतवारी जागा मोकळी. शिळं पडू देत नाही मी. एका पोरानं भात टाकला तर त्याला दोन दिवस वाढलं नाही.

सरजाबाई: तळ काढलीस का कंदी?

नागम्मा: वेडी काय मी? तळ कोण काढतं?

सरजाबाई: म्या काढला. चुना मारला. रांगोळी बी काढली.

नागम्मा: का गं?

सरजाबाई: पाहुणे येणार होते.

नागम्मा: अय्यो, अक्का...

सरजाबाई: हस. हसून घे पोटभर. ऐकू यायलंय मला.

नागम्मा: हसत नाही अक्का. थांब, डोळे पुसते.

सरजाबाई: नागम्मा, म्या तुला बोलले होते ते. तुझं कोन मेलं म्हणून.

नागम्मा: ठेव ते आता. बेडा, नको.

सरजाबाई: सा साल ठिवलं, आता न्हाई ठिवत. चूक माझी होती. माती तू काढलीस, नखं मोडेस्तवर काढलीस, आन् पेपरात फोटो माझा आला.

नागम्मा: बघितले मी तो फोटो. कापून ठेवले. हिरवं लुगडं नवं होतं काय?

सरजाबाई: न्हाई, तेच. तू उदगीरच्या बाजारातनं आणलं होतंस ते.

नागम्मा: हूं. वाटलं मला.

सरजाबाई: ऐक. ह्या विनीता म्याडम हायत, तुझ्या इद्यापीठात शिकायल्यात. आपल्या गाळावर त्यांचं सगळं लिवणं हाय. त्यांचा गाळ बिघडला, माझा म्या घालवला. आता तुझ्याकडं तेवढा हाय. उद्या सकाळी येत्यात. त्यांना द्यावा लागंल, न्हाईतर बाईचे सा साल पाण्यात जात्यात.

नागम्मा: देते की. विचारायचं काय त्यात? ताई, सकाळी सातच्या आत या, मग पोरांचा नाश्ता असतो. बाटली आणा मोठी.

विनीता: येते नक्की. आणि नागम्मा, तुमचं नाव पूर्ण काय लावायचं तेही सांगा उद्या. माझ्या त्या जंतूच्या नावात एक अक्षर वाढवायचंय. सरांनाही म्हणते, शनिवारी लातूरला नको, भाग्यनगरलाच चला.

सरजाबाई: आन् माझी रांगोळी?

विनीता: ती मी बघितली ना मावशी.

नागम्मा: अक्का, तुझी निळी बादली आहे माझ्याकडं.

सरजाबाई: हाय अजून? मला वाटलं फुटली. धाडली न्हाईस मनून मनात लई राग धरला होता म्या.

नागम्मा: रिकामी पाठवता येते काय? विरजणाचं भांडं रिकामं देत नाहीत. आणि त्यात काय घालून पाठवू ते कळेना. साखर घालू, तर तू म्हणशील, गोड बोलायला आली. दर दसऱ्याला घासायची आणि परत ठेवायची.

सरजाबाई: आता कळलं का, काय घालायचं ते?

नागम्मा: कळलं. काठोकाठ भरून देते. ताईच्या बाटलीचं वेगळं. बादली ताईच्याच हाती पाठवू?

सरजाबाई: नको. त्यांच्यानं उचलायची न्हाई. जड असती ती.

नागम्मा: मग कोणाच्या हाती?

सरजाबाई: तूच घिऊन ये. आपुन दोघींनीच आणली होती की पयल्यांदा.

नागम्मा: ऐतवारचं जेवण उरकलं की निघते. चुना तेवढा धुऊन ठेव, अक्का.